बोट ठेवा

सकाळी नऊपासून मी एकच बोलते:
बोट ठेवा. उजवं. दाबा. हं, पुढे.
उलव्याच्या पार्कात चार नंबरचं फाटक,
वाटाण्याएवढी काच, खाली हिरवा उजेड,
आणि काचेच्या बाजूला माझं स्टूल.

एकाचं तिकीट दुसऱ्यानं वापरू नये, म्हणून.
दुपारी बाहेर जाऊन वडापाव खाऊन आलात
तरी तेच बोट, तेच तिकीट, तोच माणूस.
साहेब म्हणतात, सिस्टिम अशी आहे
की बोट ठेवायला जागा नाही.

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
बोटं राहतात.
मेंदी उतरत आलेलं. सुपारी कातरून काळवंडलेलं.
हळदीच्या मांडवातून थेट इथं आलेलं पिवळं.
तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलणाऱ्याचं
काचेला दिसतच नाही. तीनदा, चारदा.
मागची रांग त्याच्याकडे बघते
जणू तो कुंपणावरून उडी मारून आलाय.
मी स्पिरिटचा बोळा देते.
तो बोट शर्टाला पुसतो
आणि उगाच मला सॉरी म्हणतो.

परवा टिपणीस आले, वाशीचे.
इस्त्रीचा सदरा, गळ्यात नातीची पाण्याची बाटली.
म्हणाले, मी ठेवणार नाही.
म्हटलं, काका, सगळेच ठेवतात.
म्हणाले, एकतीस वर्षं बँकेत सह्या ताडल्या मी.
सही कुणी चोरली तर माणूस सही बदलतो.
बोट कुठून बदलून आणू?
आणि हे जातं कुठं, तेवढं सांगा.

मी वायरीकडे बघितलं.
वायर टेबलाखाली जाते, तिथून भिंतीत.
भिंतीपलीकडे आमची चपला ठेवायची खोली.
त्यापुढचं मला कुणी सांगितलेलं नाही.

सुपरवायझरनं तिकिटाची मागची बाजू दाखवली.
मुंगीच्या अंड्याएवढी अक्षरं.
टिपणिसांनी चष्मा कपाळावर ढकलला
आणि सगळं वाचलं, रांग थांबवून.
"'आमचे सहयोगी' म्हणजे कोण?"
सुपरवायझर म्हणाला, काका, पैसे परत मिळत नाहीत.

तेवढ्यात मिहिका त्यांच्या हातून सुटली,
टाचा उंचावून पाचही बोटं एकदम काचेवर.
हिरवा उजेड आवडला तिला.
टिंग.
यंत्राला एक पुरलं.

"पुसा ते," टिपणीस म्हणाले.
मी फडक्यानं काच पुसली, दोनदा.
ते फडक्याकडे बघत राहिले. मीही.

मिहिका आईबरोबर आत गेली.
ते दिवसभर फाटकाबाहेर, फळ्याच्या सावलीत,
सावली सरकेल तसे सरकत,
मांडीवर डबा, अंगठा मुठीत.

आमच्या गव्हाणला पत्र्याच्या पेटीत
संपादनाचा कागद आहे.
आज्याचा अंगठा, निळा, जरा फरपटलेला.
आत्या म्हणते, हात कापला.
दादा म्हणतो, साहेबानं धरून दाबला.
ही पार्किंगची जागा त्याच कागदातली का,
ते सातबाऱ्यावरून काही जुळत नाही.
पण त्या अंगठ्याची निदान नक्कल आमच्याकडे आहे,
खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत.

मिहिकाच्या बोटाला साक्षीदार कोण?
स्टुलावर बसलेली मी.

आणि माझं सांगायचं तर,
स्पिरिट हाताळून रेघा झिजल्यात माझ्या.
हजेरीचं यंत्र रोज म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
गेल्या महिन्यात तीन अर्धे दिवस कापले.

पाच वाजता मिहिका बाहेर आली.
बाहेर पडताना बोट लागत नाही.
केस ओले, दात वाजतायत,
पाण्यानं बोटं पांढरी, चुण्या पडलेली.
"आजोबा, बघा, माझी बोटं तुमच्यासारखी झाली!"

टिपणिसांनी चष्मा खाली ओढला,
तिचं एक बोट उजेडाकडे धरलं
आणि बराच वेळ बघत राहिले,
सही ताडताना बघत असतील तसं.